डॅशकॅमवर ‘कार्ड एरर’ पुन्हा पुन्हा येतोय? नवं कार्ड घेण्याआधी फाइलींची यादी वाचा

तक्रार बहुतेकांची एकच असते. डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेला लावून रस्ता टिपणारा कॅमेरा घेतला, सोबत मेमरी कार्ड घेतलं, महिना-दोन महिने सुरळीत गेले. मग एक दिवस स्क्रीनवर ‘कार्ड एरर’ नाहीतर ‘कार्ड फॉरमॅट करा’ असा संदेश. फॉरमॅट केलं, चाललं. आठवड्याने पुन्हा तेच. वैतागून नवं कार्ड घेतलं, तर तेही त्याच वाटेने गेलं. शेवटी कॅमेरा नुसता काचेला चिकटून राहतो, आणि तो काही टिपत नव्हता हे कळतं कधी, तर सिग्नलला मागून कुणी ठोकल्यावर, क्लिप शोधायला बसल्यावर.

मेख अशी आहे की कार्डाचा बिघाड आणि विजेचा बिघाड, दोन्हींचा शेवट त्याच एका संदेशात होतो. कार्डावर लिहिणं चालू असताना वीज तुटली की फाइल अर्धवट राहते, कोणती फाइल कुठे आहे ही कार्डावरची नोंद बिघडते, आणि पुढच्या वेळी कॅमेरा चालू झाला की तो ‘कार्ड एरर’ म्हणून मोकळा होतो. कार्ड ठणठणीत असतं. तुम्ही नवं आणता, पण चार्जर तोच, केबल तीच, सॉकेटमधला लूज कॉन्टॅक्टही तोच. मग दुसरं कार्ड तरी कसं टिकणार?

म्हणून आधी दोष कुठे आहे ते ठरवायचं, पैसे नंतर खर्चायचे. त्यासाठी लागणारा पुरावा कार्डावरच असतो.

यादी कशी वाचायची

गाडी बंद करा, कॅमेऱ्याचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग कार्ड काढून कंप्युटरला लावा. बहुतेक कॅमेरे फाइलीच्या नावातच तारीख आणि वेळ घालतात. कॅमेरा ठरावीक मिनिटांच्या फाइली लिहीत जातो आणि कार्ड भरलं की सर्वांत जुनी पुसून नवी लिहितो, याला लूप म्हणतात. लूप तीन मिनिटांचा ठेवला असेल तर प्रवासातली प्रत्येक फाइल तीन मिनिटांची हवी, आणि एक संपली की दुसरी लगेच सुरू झालेली हवी. आकारही साधारण सारखाच हवा. सेकंदाला १६ मेगाबिट वेगाने चित्रण करणारा फुल एचडी कॅमेरा मिनिटाला सुमारे १२० एमबी लिहितो (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी), म्हणजे तीन मिनिटांची फाइल ३६० एमबीच्या आसपास.

आता यादीवरून नजर फिरवा. प्रवासाच्या मधेच एखादी फाइल चाळीस सेकंदांची, मग दहा-पंधरा सेकंदांची फट आणि पुन्हा नवी फाइल, असं दिसलं तर कॅमेरा बंद पडून पुन्हा चालू झालाय. हा विजेचा दोष. गाडी चालवताना मधेच कॅमेऱ्याचा सुरू होतानाचा आवाज ऐकू येत असेल तर यादी उघडायचीही गरज नाही.

प्रत्येक प्रवासाची फक्त पहिली फाइल चार-पाच सेकंदांची असेल तर सेल्फ मारताना वीज तुटते आहे. उलट प्रत्येक प्रवासाची फक्त शेवटची फाइल उघडत नसेल, तर कॅमेऱ्याच्या आतली छोटी बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर थकलाय. किल्ली काढल्यावर काही सेकंद कॅमेरा जिवंत ठेवून शेवटची फाइल नीट मिटवणं, एवढंच त्याचं काम असतं. एमपी४ फाइल नीट मिटली नाही तर चित्र आत असूनही ती चालत नाही, कारण चित्राचा कोणता तुकडा कुठे आहे याची सूची बहुतेक कॅमेरे अगदी शेवटी लिहितात. काही कॅमेऱ्यांत टीएस हा पर्याय मिळतो. त्या प्रकारची फाइल मधेच तुटली तरी तुटेपर्यंतचा भाग चालतो. पर्याय असेल तर तोच निवडा.

फाइली पूर्ण लांबीच्या आहेत पण चित्र अडखळतं, मधे उडी मारतं, काही फाइली शून्य बाइटच्या आहेत, किंवा कॅमेरा चालू असूनही लिहिणं थांबतं, तर संशय कार्डावर घ्या. आणि फॉरमॅट केल्यावर दोन-तीन तास सगळं ठीक, मग बिघाड, पुन्हा फॉरमॅट, पुन्हा दोन-तीन तास ठीक, असं ठरलेलं चक्र असेल तर कार्ड बनावट असण्याची दाट शक्यता आहे. आवरणावर १२८ जीबी छापलेलं असतं, आत खरी जागा १६ जीबी असते. तासाला सव्वासात जीबीच्या आसपास लिहिणारा कॅमेरा ती जागा दोन तासांत भरतो, त्यापुढचं सगळं हवेत जातं.

एक प्रकार असा आहे की त्यात दोष कार्डाचाही नसतो आणि विजेचाही. कार्ड ‘फुल’ आहे असं कॅमेरा म्हणतो, कारण आघात ओळखणारा जी-सेन्सर प्रत्येक धक्क्याला ती फाइल कुलूपबंद करतो आणि कुलूपबंद फाइल लूपमध्ये पुसली जात नाही. आपल्याकडच्या रस्त्यांवर, त्यातही पावसाळ्यानंतर, हा सेन्सर ‘हाय’वर ठेवणं म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा जतन केलेला दस्तऐवज तयार करणं. आठवडाभरात अर्धं कार्ड खड्ड्यांनीच भरतं. सेन्सर ‘लो’वर न्या, आणि पार्किंगमधल्या धक्क्यांसाठी वेगळी सेटिंग असेल तर तीही तपासा. खरी टक्कर ‘लो’वरही सहसा पकडली जाते, आणि नाही पकडली तरी फाइल हाताने लॉक करायचं बटण असतंच.

वीज: इथे जरा वेळ द्या

माझं मत विचाराल तर वारंवार येणाऱ्या तक्रारीत आधी तपासायची गोष्ट वीजच. तिची तपासणी जवळपास फुकट होते, आणि ती ठीक केल्याशिवाय कार्डाची परीक्षाच होत नाही.

सोपी चाचणी: लायटरच्या सॉकेटमधला चार्जर काढा आणि कॅमेरा एखाद्या चांगल्या पॉवर बँकेवर, आखूड केबलने चालवा. एक-दोन दिवस नेहमीच्या रस्त्यांवर फिरा. मधल्या फटी गेल्या तर दोष गाडीच्या बाजूच्या विजेत आहे, म्हणजे सॉकेट, चार्जर किंवा केबल. फटी तशाच राहिल्या तर कॅमेरा किंवा कार्ड बघायचं. पॉवर बँक मात्र उन्हात उभ्या गाडीत सोडून जाऊ नका.

सॉकेटमध्ये चार्जरचं टोक एका स्प्रिंगवर दाबून धरलेलं असतं. जुन्या गाडीत सॉकेट सैल होतं, आत धूळ आणि काजळी बसते, आणि गतिरोधकावर गाडी उडाली की क्षणभर संपर्क सुटतो. मोबाइल चार्ज करताना हे जाणवत नाही, त्याला स्वतःची बॅटरी असते. कॅमेऱ्याला जाणवतं. चार्जर सॉकेटमध्ये हाताने हलवून बघा. कॅमेरा विझला तर उत्तर मिळालं.

केबलकडे लोक सहसा बघतच नाहीत, आणि घोटाळा तिथेच असतो. काचेच्या वरच्या कडेतून, खांबाच्या रबरातून, डॅशबोर्डखालून सॉकेटपर्यंत जाणारी केबल साडेतीन मीटरच्या आसपास असते. वीज जाऊन परत यायची म्हणजे तांब्याचा प्रवास सात मीटरचा. केबलमधली तार २८ गेजची, म्हणजे साध्या स्वस्त केबलमध्ये असते तशी बारीक असेल, तर या सात मीटरचा रोध सुमारे दीड ओहम भरतो. एक अँपिअर प्रवाहाला दीड व्होल्ट वाटेतच जिरले. चार्जरने ५ व्होल्ट दिले, कॅमेऱ्याच्या तोंडाशी साडेतीन पोहोचले. इतक्यावर तो नीट चालणं शक्यच नाही. तीच केबल २२ गेजची, म्हणजे जाड तारेची असेल तर घट साधारण ०.३७ व्होल्ट. कॅमेऱ्यासोबत आलेली मूळ केबल जाड आणि जरा अवघड का असते, याचं कारण हेच. ती आखूड पडते म्हणून मधेच कापून मोबाइलच्या केबलचा तुकडा जोडण्याचा उद्योग ॲक्सेसरीच्या दुकानांत सर्रास चालतो. वरून टेप गुंडाळली की दिसायला छान दिसतं.

शंका असेल तर केबल आणि कॅमेरा यांच्यामध्ये लावायचा छोटा यूएसबी टेस्टर मिळतो. तो कॅमेऱ्याच्या बाजूच्या टोकाला लावा, कॅमेरा चालू ठेवा, मागचा कॅमेरा असेल तर तोही जोडा, वाय-फाय चालू करा, आणि आकडा बघा. ४.७५ व्होल्टच्या खाली सतत जात असेल तर केबल बदला. टेस्टर नसेल तरी लक्षणं बोलतात. मोबाइलवर क्लिप बघायला वाय-फाय चालू केलं की कॅमेरा रिस्टार्ट होतो, मागचा कॅमेरा जोडला की होतो, टॅक्सीत आतल्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की होतो. तिन्हींचा अर्थ एकच, वीज काठावर आहे आणि जरा जास्त मागितली की कमी पडते.

चार्जर निवडताना ‘फास्ट चार्जिंग’ या शब्दांना फार महत्त्व देऊ नका. बहुतेक डॅशकॅम साधे ५ व्होल्ट घेतात, जास्त व्होल्टसाठी चार्जरशी बोलणी करत नाहीत. बघायचं ते असं की ५ व्होल्टला एका पोर्टमधून किती अँपिअर मिळतात. कॅमेऱ्यावर ५ व्होल्ट, २ अँपिअर असं लिहिलं असेल तर पोर्ट किमान अडीच अँपिअरचा असावा. दोन पोर्टांच्या चार्जरवर छापलेला मोठा आकडा पुष्कळदा दोन्हींची बेरीज असतो, आणि दुसऱ्या पोर्टला मोबाइल लावला की कॅमेऱ्याचा वाटा घटतो. काही कॅमेरे थेट १२ व्होल्ट घेतात, त्यांना मूळ ॲडॉप्टरशिवाय दुसरं काही लावू नका. ट्रकवाल्यांसाठी एक सूचना: तुमच्याकडे बहुधा २४ व्होल्ट असतात. ‘१२–२४ व्होल्ट’ असं स्पष्ट लिहिलेला चार्जरच घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी धूर निघेल.

स्वस्त चार्जरची आणखी एक खूण म्हणजे एफएमवर खरखर. कॅमेऱ्याचं चार्जर काढलं की रेडिओ स्वच्छ, लावलं की खरखर, असं होत असेल तर त्या चार्जरमधलं सर्किट गोंगाट करतंय. ज्या कॅमेऱ्यात जीपीएस आहे तिथे हाच गोंगाट जीपीएसलाही छळतो. चार्जर बदला.

गाडीच्या म्युझिक सिस्टिमजवळचा यूएसबी पोर्ट वापरणाऱ्यांचा वेगळाच गोंधळ होतो. कॅमेरा चालू होतो, पण स्क्रीनवर ‘मास स्टोरेज’ की ‘पीसी कॅमेरा’ असा प्रश्न येऊन थांबतो आणि चित्रण होतच नाही. त्या पोर्टात डेटाच्या तारा असतात, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं की आपल्याला कंप्युटरला जोडलंय. शिवाय असे बरेच पोर्ट जेमतेम अर्धा अँपिअर देतात. लायटरच्या सॉकेटवर या.

नव्या कॅमेऱ्यांत यूएसबी-सी आलंय आणि त्यासोबत एक गंमतही. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली तर काही कॅमेरे चालूच होत नाहीत, आणि माणूस कॅमेरा मेला म्हणून परत करायला निघतो. सी पोर्टवर वीज मागण्यासाठी उपकरणात दोन छोटे रोधक लागतात, आणि स्वस्त उपकरणांत ते बसवलेलेच नसतात. मग चार्जर वीज सोडत नाही. एका टोकाला जुना चपटा ए पोर्ट असलेली केबल लावा, तो चालू होईल.

सेल्फ मारतानाच्या तुटीबद्दल. स्टार्टर फिरतो तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर ९-१० व्होल्टपर्यंत खाली येतो, आणि बऱ्याच गाड्या त्या क्षणी सॉकेटचा पुरवठाच तोडतात. किल्ली अर्धी फिरवली की कॅमेरा उठतो, लिहायला लागतो, आणि सेल्फ मारला की पडतो. हे दिवसातून चार वेळा, वर्षभर. कॅमेऱ्यात ‘उशिरा सुरू हो’ अशी सेटिंग असेल तर ती पाच-दहा सेकंदांवर ठेवा. नसेल तर आधी इंजिन चालू करून मग कॅमेऱ्याची पिन सॉकेटमध्ये दाबायची सवय लावता येते, पण ती किती दिवस टिकेल हे तुम्हीच जाणता. आणि ही तूट अलीकडेच सुरू झाली असेल, तर गाडीची बॅटरी तपासून घ्या. म्हातारी बॅटरी सेल्फ मारताना जास्त खोल जाते.

फ्यूज बॉक्समधून जोडणी करायची असेल तर

पार्किंगमध्येही चित्रण हवं असेल तर हार्डवायर किट, म्हणजे फ्यूज बॉक्समधून कॅमेऱ्याला वीज देणारा तारांचा संच लागतो. त्यात सहसा तीन तारा असतात: पिवळी कायम चालू असलेल्या फ्यूजला, लाल किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजला, काळी बॉडीच्या उघड्या बोल्टला. रंग कंपनीगणिक बदलू शकतात, किटवरचं लेबल वाचा. पिवळी आणि लाल उलट लागल्या की कॅमेरा विचित्र वागतो. दोन्ही किल्लीच्या फ्यूजवर गेल्या तर पार्किंगचं चित्रण होत नाही, दोन्ही कायमच्या फ्यूजवर गेल्या तर गाडी बंद झाल्याचं कॅमेऱ्याला कळतच नाही आणि तो रात्रभर समोरची भिंत टिपत बसतो. काळी तार रंगवलेल्या पत्र्यावर आवळली तर पुन्हा तोच लूज कॉन्टॅक्ट. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावायचा नाही, यावर चर्चा नको. मल्टिमीटर हाताळता येत नसेल तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि तो कोणत्या फ्यूजला जोडतोय ते शेजारी उभं राहून बघा.

किटवर कट-ऑफ व्होल्टेज, म्हणजे गाडीची बॅटरी किती खाली गेली की कॅमेरा बंद करायचा तो आकडा, निवडायचा असतो, ११.८, १२.०, १२.२ असा. शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. दुकानदार जास्त वेळ चित्रण व्हावं म्हणून ११.८ ठेवून देतात. मी १२.२ सांगेन. पार्किंगमध्ये कॅमेरा ०.३ अँपिअर घेतो असं धरा. गाडी दोन दिवस जागची हलली नाही तर १४ अँपिअर-अवर खर्च झाले, आणि छोट्या हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. ऑफिस पाच किलोमीटरवर असेल तर तेवढ्या प्रवासात इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर ती तूट भरूनही काढत नाही. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये गाडी लागत असेल तर पार्किंगचं चित्रण बंदच ठेवा. तिथे सीसीटीव्ही असतो, आणि ओरखडा काढणारा शेजारी तसाही कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूने जातो.

कार्ड: आवरणावरचे कोणते आकडे वाचायचे

वीज निर्दोष निघाली की मग कार्ड. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. मोबाइलमधलं किंवा फोटोच्या कॅमेऱ्यातलं कार्ड क्वचितच पूर्ण भरतं आणि पुसलं जातं. डॅशकॅममध्ये ते पुन:पुन्हा भरतं. मुंबई-पुणे ये-जा करणाऱ्याच्या गाडीत ६४ जीबीचं कार्ड फुल एचडीला आठ-नऊ तासांत एकदा पूर्ण लिहिलं जातं. पुढे-मागे दोन कॅमेरे आणि पुढचा ४के असेल, दोघांचे मिळून सेकंदाला ६६ मेगाबिट धरले, तर १२८ जीबी साडेचार तासांच्या आत भरतं. समृद्धी महामार्गावर ताशी १२०च्या मर्यादेत सलग गेलात तरी शिर्डी येईपर्यंत नागपूरचं चित्रण पुसायला सुरुवात झालेली असते.

म्हणून ‘एन्ड्युरन्स’ असं नाव असलेली कार्डं वेगळी मिळतात, आणि त्यांच्यावर किती तास चित्रण झेपेल ते दिलेलं असतं. सेकंदाला २६ मेगाबिट या हिशोबाने सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्स १२८ जीबीला १०,००० तास, मॅक्स एन्ड्युरन्स १२८ जीबीला ६०,००० तास, सॅमसंगच्या प्रो एन्ड्युरन्स १२८ जीबीला ७०,०८० तास असे कंपन्यांचे दावे आहेत. या दाव्यांचा गणिताने अर्थ लावून बघा. २६ मेगाबिटला तासाला ११.७ जीबी लिहिलं जातं, म्हणजे १२८ जीबी सुमारे अकरा तासांत भरतं. १०,००० तास म्हणजे ते कार्ड साधारण ९०० वेळा पूर्ण भरणं, आणि ६०,००० तास म्हणजे साधारण साडेपाच हजार वेळा. एकाच कंपनीच्या एन्ड्युरन्स नावाच्या दोन कार्डांत सहापट फरक आहे, तेव्हा नुसता ‘एन्ड्युरन्स’ शब्द वाचून थांबू नका. तास शोधा.

याच गणितातून दुसरी गोष्ट निघते. सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्स मालिकेतलं ६४ जीबीचं कार्ड ५,००० तासांचं आहे, २५६ जीबीचं २०,००० तासांचं. भरण्याची संख्या तीच, जागा दुप्पट म्हणून आयुष्य दुप्पट. कॅमेरा झेपवत असेल तर एक पायरी मोठं कार्ड घेणं हा टिकाऊपणा विकत घेण्याचा सोपा मार्ग आहे. ‘झेपवत असेल तर’ हे महत्त्वाचं. मॅन्युअलमध्ये १२८ जीबीपर्यंत असं लिहिलं असेल आणि तुम्ही २५६ घातलं, तर ते चालेलही, किंवा दर काही दिवसांनी ‘कार्ड एरर’ येईल आणि तुम्ही हा लेख पुन्हा पहिल्यापासून वाचाल.

वेगाच्या खुणांपैकी यू३ किंवा व्ही३० बघा. त्याचा अर्थ सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी. फुल एचडी कॅमेऱ्याला सेकंदाला दोन एमबी लागतात, ४के जोडीला आठ-नऊ, म्हणजे ३० पुरून उरतात. आवरणावर मोठ्या अक्षरात छापलेला १०० किंवा १६० एमबीचा आकडा वाचण्याचा वेग असतो, इथे त्याचा उपयोग नाही. ए१, ए२ या खुणा मोबाइलमधल्या ॲपसाठी आहेत, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. वॉरंटीची बारीक अक्षरं मात्र वाचा. साध्या कार्डांच्या वॉरंटीत सतत चित्रण करणाऱ्या उपकरणांतला वापर पुष्कळदा वगळलेला असतो. म्हणजे आवरणावर दहा वर्षं लिहिलंय आणि डॅशकॅममध्ये वापरल्याचं कळलं की हात वर.

हातातलं कार्ड तपासायचं असेल तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ ही मोफत साधनं आहेत. आधी हव्या त्या क्लिपा उतरवून घ्या आणि कार्ड फॉरमॅट करा, कारण ही साधनं मोकळी जागाच तपासतात. ती सगळी जागा भरतात आणि परत वाचून पडताळतात, त्यामुळे १२८ जीबीला काही तास जातील. बनावट कार्ड इथे हमखास पकडलं जातं. नवं कार्ड परत करण्याची मुदत संपायच्या आत ही चाचणी करा. लिहिण्याचा वेग सतत १० एमबीच्या खाली रेंगाळत असेल तर कार्ड डॅशकॅमच्या कामाचं नाही. जुन्या यूएसबी २ रीडरमध्ये वेग तिशीच्या आसपास अडकतो, तो रीडरचा दोष, कार्डाचा नव्हे.

कार्डाचा अंत ओळखायची आणखी एक खूण विलक्षण आहे. तुम्ही सगळ्या फाइली पुसता, कार्ड काढून पुन्हा घालता, आणि फाइली जशाच्या तशा परत आलेल्या दिसतात. फॉरमॅट ‘यशस्वी’ होतं, तरी काही बदलत नाही. झिजलेल्या कप्प्यांच्या जागी वापरायचे राखीव कप्पे संपले की काही कार्डं स्वतःला वाचण्यापुरती मर्यादित करतात. आत जे आहे ते उतरवून घ्या आणि कार्ड फेका. कुठल्याही सॉफ्टवेअरने ते परत लिहितं होणार नाही.

फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करा, महिन्यातून एकदा. लॉक झालेल्या फाइलींचा साठा त्याने साफ होतो आणि नोंदींतल्या बारीकसारीक चुकाही जातात. झिजलेलं कार्ड त्याने तरुण होत नाही.

उन्हाळा

मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे पारा सावलीतच ४५च्या वर जातो. उन्हात बंद उभ्या गाडीत काचेमागचं तापमान त्याहून कितीतरी जास्त असतं. चांगली कार्डं ८५ अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेली असतात, कॅमेऱ्याची आतली लिथियम बॅटरी मात्र नाही. ती फुगते, कव्हर उचलते, आणि मग शेवटची फाइल न मिटण्याचा दोष सुरू होतो. घड्याळ मागे जाऊन सगळ्या फाइलींवर वर्षानुवर्षं जुनी तारीख येणं हेही बऱ्याचदा त्याच बॅटरीचं लक्षण. नवा कॅमेरा घेताना सुपरकपॅसिटरवाला घ्या, यावर महाराष्ट्रात तरी दुसरं मत असू नये. फुगलेल्या बॅटरीचा कॅमेरा मात्र चार्जरला लावून ‘बघू किती दिवस चालतो’ असं करू नका. आजच उतरवा.

आणि अपघात झालाच तर

फाइल लॉकचं बटण दाबा, काही सेकंद थांबा, कॅमेरा बंद करा आणि कार्ड काढून घ्या. कॅमेरा चालू राहिला तर लूप पुढे सरकत राहतो, आणि न लॉक झालेल्या आधीच्या फाइली, ज्यात समोरची गाडी कशी आली ते असतं, त्या जातात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबलेली, बारीक केलेली असते. ती नातेवाइकांना दाखवायला ठीक आहे, पुरावा म्हणून मूळ फाइल आणि मूळ कार्डच जपा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलीचं हॅश मूल्यही (फाइलीच्या मजकुरातून काढलेला, फाइल जराही बदलली की बदलणारा आकडा) भरायचं असतं. तेव्हा ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नका, त्यावर काही साठवू नका.

म्हणजे घरी जाताना कॅमेऱ्यात घालायला दुसरं कार्ड हवं. ते आधीच कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून, प्लास्टिकच्या छोट्या डबीत घालून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढच्या वेळी ‘कार्ड एरर’ आला तर हेच कार्ड घालून बघा: तरीही एरर येत राहिला, तर मोर्चा पुन्हा चार्जर आणि केबलकडे वळवा.